मध पातळ करण्याची अधिकृत पद्धत

माझ्या धाकट्या मुलीने त्याच नवऱ्याशी दुसऱ्यांदा लग्न केले, त्या वर्षी आमच्या निवासात असा ठराव मंजूर झाला की, ज्या कामाची पद्धत कागदावर लिहिलेली नाही, ते काम झाले तरी झाले नाही असे धरावे. दोन्ही घटनांमागचा विचार एकच होता. (मुलीच्या पहिल्या लग्नाचा दाखला हरवला होता, आणि जुना दाखला शोधण्यापेक्षा नवे लग्न लवकर उरकेल, असे तिला कचेरीत सांगण्यात आले.)

समाजाला चुकीच्या कामापासून फारसा धोका नसतो. चुकीचे काम पकडता येते, त्याची चौकशी करता येते, अहवाल लिहिता येतो. खरा धोका असतो तो न लिहिता नीट चाललेल्या कामापासून. ते नीट का चालले आहे, हे विचारायला जागाच नसते. हा विचार माझा नाही, आमच्या व्यवस्थापक साहेबांचा आहे. ते पाच दिवसांच्या गुणवत्ता शिबिराला जाऊन आले होते. शिबिराहून आलेल्या माणसाशी वाद घालू नये, कारण पाच दिवस त्याला कोणी बोलू दिलेले नसते.

आमचा निवास म्हणजे बंदरावर आयुष्य घालवलेल्या लोकांचे घर. माणसे बासष्ट, खोल्या चाळीस, आणि मधोमध एक लांबच लांब व्हरांडा, ज्याच्या एका टोकाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला सहा खाटांचा दवाखाना. मी चौतीस वर्षे क्रेनच्या पेटीत बसून माल उतरवला. माझी थोरली बहीण अक्का, बंदराच्या टेलिफोन खोलीत छत्तीस वर्षे तारा जोडत होती. आम्ही दोघे शेजारच्या खोल्यांत राहतो. ती मला अजून ‘धाकट्या’ म्हणते. मी शहात्तर वर्षांचा आहे.

साहेब शिबिराहून आले आणि पद्धती लिहायला सुरुवात झाली. पहिल्या महिन्यात एकशे अठरा पद्धती लिहून झाल्या. (त्याच महिन्यात निवासात प्रत्यक्ष झालेली कामे: ऐंशी.) दार उघडण्याची पद्धत सात पायऱ्यांची होती, आणि पाचव्या पायरीपर्यंत दार बंदच असे. वर्तमानपत्र वाचण्याच्या पद्धतीत शेवटच्या पानापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी वेगळा अर्ज होता. दिवे मालवण्याची पद्धत इतकी तपशीलवार होती की ती वाचायला दिवा लागे. हे सगळे मी कौतुकाने सांगतो आहे. कारण यातून निवासाला शिस्त लागली, आणि शिस्त लागली म्हणजे माणसाचा दिवस भरलेला जातो.

असे करत करत साहेब शनिवारच्या पेल्यापर्यंत आले.

निवासात एक छोटा बार आहे. एक लाकडी फळी, पाच उंच खुर्च्या, भिंतीवर आरसा. शनिवारी संध्याकाळी सहा ते सात उघडतो. तो चालवणाऱ्या माणसाला सगळे गाळण्या म्हणतात, कारण तो पाणीसुद्धा गाळून देतो. अकरा वर्षे तो दर शनिवारी सहा वाजता अक्काला एक पेला बनवून देत असे. डॉक्टरांनी तिला आठवड्याला एक पेला मंजूर केला होता. (म्हणजे तिने डॉक्टरांना तसे कळवले होते.)

गाळण्याची रीत मी इथे देतो, ती केवळ अडाणीपणाचा नमुना म्हणून. तो वाटीत दोन चमचे मध घेई. त्यात तितकेच कढत पाणी घालून ढवळी, म्हणजे मध सैल पडे. एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दोन मापे जिन ओती, अर्धे लिंबू पिळी, तो सैल मध घाली, मूठभर बर्फ टाकी आणि तळहात गारठून बधिर होईपर्यंत डबा हलवी. मग गाळून पेल्यात. वरून लिंबाच्या सालीची एक चिरफळी, पिळून. काम तीन मिनिटांचे. या तीन मिनिटांत कोणाचीही सही नव्हती.

साहेब वही घेऊन बारमध्ये आले.

“ही कृती कुठे लिहिली आहे?”

“हातात आहे,” गाळण्या म्हणाला.

“हात दाखवा.”

गाळण्याने हात दाखवला. साहेबांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि वहीत लिहिले : ‘नोंद आढळली नाही.’

पेल्यासाठी पाच जणांची समिती नेमण्यात आली. साहेब स्वतः अध्यक्ष, दवाखान्याच्या सिस्टर, आचारी, वायरमन, आणि रहिवाशांतर्फे मी. गाळण्याला घेतले नाही. त्याला पेला बनवता येत असल्यामुळे तो निःपक्षपाती राहू शकला नसता. मला घेतले, कारण मी फलक शेवटपर्यंत वाचतो. (अक्षरे मी सत्तरी उलटल्यावर शिकलो. लवकर शिकलेले लोक पहिली ओळ वाचून निघून जातात.)

पहिली सभा नावावरच गेली. गाळण्याने हे पेय बोटीवर असताना शिकले होते आणि त्याचे परक्या भाषेतले नाव ‘मधमाशीचे गुडघे’ अशा अर्थाचे होते. मधमाशीला गुडघे किती, असा प्रश्न निघाला. वायरमनने पाण्याच्या टाकीजवळच्या पोळ्यापाशी जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली आणि वरचा ओठ सुजवून परत आला. संख्या कळली नाही, पण प्रयत्नाची नोंद झाली. शेवटी ‘मध-लिंबू शीतपेय (वयस्कांसाठी)’ असे नाव ठरले आणि चहा होऊन सभा संपली.

दुसऱ्या सभेत कोणता जिन्नस कोणाच्या अखत्यारीत, ते ठरले. जिन साहेबांच्या कपाटात. लिंबू आचाऱ्याकडे. बर्फ वायरमनकडे, कारण बर्फ ज्या यंत्रातून येतो त्याला वायर आहे. मध सिस्टरकडे, कारण मधाची बाटली मुळात खोकल्यासाठी आणली होती आणि औषधांच्या वहीत चढली होती. इथपर्यंत सगळे सुरळीत झाले. मग गरम पाणी निघाले.

“गरम पाणी माझ्याकडे,” आचारी म्हणाला. “पण स्वयंपाकघराबाहेर जाणार नाही.”

“मध माझ्याकडे,” सिस्टर म्हणाल्या. “पण दवाखान्याचं औषध स्वयंपाकघरात जाणार नाही. मागच्या वर्षी गुडघ्याचं मलम गेलं होतं, ते पावाला लागलं.”

“चव चांगली होती,” वायरमन म्हणाला.

“मग पाणी दवाखान्यात न्यावं,” मी सुचवले.

साहेबांनी पद्धत क्रमांक एकतीस काढली. व्हरांड्यातून गरम पदार्थ नेताना कोणी भाजू नये म्हणून त्यात स्पष्ट लिहिले होते : ‘गरम पाणी नेण्यापूर्वी ते पूर्ण थंड करून घ्यावे.’ ही पद्धत आम्हीच मागच्या महिन्यात एकमताने मंजूर केली होती. तिच्यात खोट काढणे म्हणजे आमच्यात खोट काढणे झाले असते. तेव्हा मध आहे तसाच घालावा असे ठरले आणि सत्तेचाळीस पायऱ्यांची पद्धत तयार झाली. तिच्या शेवटी नेहमीचे कलम होतेच : ‘सलग आठ शनिवारी सेवा पद्धतीप्रमाणे देता न आल्यास, त्या सेवेस मागणी नाही असे समजून ती कायमची बंद करावी.’ त्यावर मीही सही केली. माझी सही तेव्हा नवीन होती, मला ती करायला आवडे.

पहिल्या शनिवारी पाच वाजता काम सुरू झाले. सात वाजून दहा मिनिटांनी पेला तयार झाला. बार सातला बंद होतो. पेला परत गेला.

दुसऱ्या शनिवारी तीन वाजताच सुरुवात केली आणि पावणेसातला पेला अक्कापुढे आला. तिने एक घोट घेतला. डोळे मिटले. मग पेल्यात पाहिले. वर आंबट जिन होती, आणि तळाशी मधाचा गोळा बसला होता, थंडीने टणक झालेला. अक्काने जिन संपवून पेला उलटा केला. मध जागचा हलला नाही.

“धाकट्या,” ती म्हणाली, “हे प्यायचं आहे की याच्यावर फोटो चिकटवायचा आहे?”

“तक्रार अर्ज आणू का, अक्का?” साहेबांनी अदबीने विचारले.

“आणा. चमचाही आणा. मध खरवडायला.”

तक्रार आली म्हणजे कारणमीमांसा आली. शिबिरात साहेबांना शिकवले होते की ‘का’ असे पाच वेळा विचारले की मूळ कारण सापडते. आम्ही विचारले. मध का विरघळला नाही? थंड होता म्हणून. थंड का होता? गरम केला नाही म्हणून. गरम का केला नाही? पद्धतीत नाही म्हणून. पद्धतीत का नाही? समितीने लिहिले नाही म्हणून. समितीने का लिहिले नाही? इथे सभेची वेळ संपली.

पुढच्या चार शनिवारी सुधारणांची रीघ लागली. मध चाळीस वेळा ढवळावा असे ठरले आणि मोजायला वायरमन बसला. तो तेहेतिसाला नेहमी चुके व पुन्हा एकपासून सुरू करी. लिंबांचा आकार सारखा नसतो हे उघडकीस आले, म्हणून एक लोखंडी कडे करवून घेतले. जे लिंबू कड्यातून नेमके जाईल तेच घ्यायचे. सदतीस लिंबांपैकी सहा पास झाली. (नापास लिंबांचे आचाऱ्याने सरबत केले. ते त्या दिवसांतले निवासातले एकमेव चवदार पेय.) बर्फ स्वच्छ असावा म्हणून तो धुऊन, निथळून, फडक्याने पुसून द्यायचा ठरला. वायरमन तो इतक्या निगुतीने पुसे की बारमध्ये फक्त फडके पोहोचे. डबा हलवण्याच्या आवाजाची शेजारच्या पत्त्यांच्या खोलीने तक्रार केली, म्हणून डबा हलवू नये, नुसता या हातातून त्या हातात द्यावा, अशी दुरुस्ती झाली. गाळण्या मुकाट्याने डबा या हातातून त्या हातात देत उभा राही. त्याच्याकडे पाहवत नसे. सातव्या शनिवारी सिस्टर रजेवर होत्या, त्यामुळे मध निघालाच नाही.

आठवा शनिवार उरला. त्या दिवशी अक्काला नव्वद वर्षे पूर्ण होणार होती.

बुधवारी दुपारी तिने मला खोलीत बोलावले. खिडकीशी बसून ती चष्मा पुसत होती.

“या शनिवारी नाही झालं, तर कायमचं बंद?”

“कलमात तसं आहे, अक्का.”

“तू समितीत आहेस ना?”

“आहे.”

“मग मला एवढंच सांग, तू माझा भाऊ आहेस हे कोणत्या कलमात आहे?”

ती रागावली नव्हती, हे जास्त वाईट होते.

“छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली,” ती म्हणाली. “कोणाला मुलगा झाला, कोणाची बोट बुडाली, सगळं माझ्या कानावरून गेलं. मी कधी मधे बोलले नाही. आता आठवड्यातून एकदा सहा वाजता कोणीतरी माझ्यासाठी काहीतरी नीट बनवून पुढे ठेवतं, तेवढं एक आहे. वाढदिवसाला मला दुसरं काही नको. ते लोकर-बिकर आणू नकोस.”

मी आणलेली लोकर माझ्या हातातल्या पिशवीतच होती. ती तशीच बाहेर पडताना व्हरांड्यातल्या बाकावर विसरलो आणि तडक समितीची तातडीची सभा बोलावली.

सभेत मी म्हणालो, पाणी मधाकडे जात नाही आणि मध पाण्याकडे जात नाही, तर दवाखान्यातली रबरी शेकायची पिशवी मधाच्या बाटलीला लावावी.

“ती फक्त रुग्णांसाठी आहे,” सिस्टर म्हणाल्या.

“मग मधाची लक्षणं पाहा ना,” मी म्हणालो. मी हे अगदी मनापासून म्हणालो, कोणी हसण्यासाठी नव्हे. “थंडी पडली की आखडतो. हालचाल मंद. बाटलीतून उठता उठत नाही. आपल्या निवासातल्या निम्म्या लोकांना याच तक्रारीसाठी पिशवी मिळते.”

सिस्टर विचारात पडल्या. “दाखल करायला नाव, वय, तक्रार आणि नातेवाइकाची सही लागते,” त्या म्हणाल्या. “माणूसच असावा असं छापील अर्जात कुठे म्हटलेलं नाही.”

साहेबांचा चेहरा उजळला. रुग्ण दाखल करण्याची पद्धत, क्रमांक बावन्न, त्यांनी स्वतः लिहिली होती आणि तिची त्यांना फार माया होती.

शुक्रवारी सकाळी मध दाखल झाला. खाट क्रमांक सहा, खिडकीकडची. अर्ज सिस्टरांनी स्वच्छ अक्षरात भरला. नाव : मध. आडनाव : नाही. वय : दोन वर्षे (बाटलीवरच्या तारखेवरून). तक्रार : थंडीत आखडणे. पूर्वीचे आजार : खोकला (इतरांचा). व्यवसाय या रकान्यापाशी जरा अडले, पण वायरमनने ‘निवृत्त’ लिहा म्हटले आणि ते सर्वांना पटले. नातेवाईक म्हणून मी सही केली.

मधाला गळ्यापर्यंत पांघरूण घालून पाठीशी शेकायची पिशवी ठेवली. दर चार तासांनी ताप पाहून तक्त्यावर लिहिला. आहाराच्या कागदावर ‘दर दोन तासांनी गरम पाणी’ असे सिस्टरांनी लिहिताच स्वयंपाकघरातून झाकणाच्या भांड्यात वाफाळते पाणी ढकलगाडीवरून बिनतक्रार येऊ लागले. (पद्धत एकतीसमध्ये रुग्णांसाठी अपवाद आहे. आम्हालाही तो तेव्हाच कळला.) शेजारच्या पाच नंबर खाटेवर एक जुना मुकादम हर्नियाचा पट्टा बांधून पडला होता. त्याने सांगितले, “कालपासून एकदा कण्हला नाही हो बिचारा. घरचं कोणी येतं का त्याचं?”

शनिवारी सकाळी मध इतका पातळ झाला होता की बाटली जरा कलती केली तरी लगेच गळ्याशी येई. सिस्टर म्हणाल्या, बारा वर्षांच्या नोकरीत इतका गुणी पेशंट पाहिला नाही.

साडेपाचला मी मध न्यायला गेलो.

“न्यायला?” सिस्टर म्हणाल्या. “घरी सोडायला डॉक्टरांची सही लागते. डॉक्टर सोमवारी येतात.”

मी साहेबांकडे धावलो. साहेब म्हणाले, “रुग्ण पूर्ण बरा झाल्याशिवाय हलवणं योग्य नाही. सोमवारी करू.” मी म्हणालो, आठवा शनिवार आज आहे. साहेबांनी दिनदर्शिका पाहिली. त्यांनाही वाईट वाटले, हे मी मुद्दाम नोंदवतो. पण पद्धत बावन्न त्यांची होती.

मी बारमध्ये गेलो. अक्का ठेवणीतले कपडे घालून मधल्या खुर्चीवर बसली होती. फळीवर जिनची सीलबंद बाटली होती, साहेबांच्या सहीने आलेली. कड्यातून पास झालेली सहा लिंबे होती. वायरमनने त्या दिवशी वाढदिवस म्हणून बर्फ पुसला नव्हता. गाळण्या दोन्ही हात फळीवर टेकून उभा होता. सगळे होते, एक मध सोडून. मी सांगितले. घड्याळात पावणेसहा झाले होते.

अक्काने थोडा वेळ आरशात पाहिले.

“दवाखान्यात भेटायची वेळ काय?” तिने विचारले.

“पाच ते सात.”

“मग बसलात काय? घरचा माणूस दवाखान्यात पडलाय आणि अजून कोणी विचारपूस केली नाही. गाळण्या, फळं घे. पेशंटला फळं चालतात.”

गाळण्याने लिंबे खिशात भरली.

“ताप चढला तर बर्फाची पिशवी लागेल. बर्फ घे. आणि ती बाटली, डबा नि पेला माझ्या पिशवीत टाक, भेटायला जाणाऱ्याची पिशवी कोणी उघडत नाही.”

आम्ही व्हरांड्यातून निघालो. अक्का काठी टेकत पुढे, मागे गाळण्या, त्याच्या मागे मी. दवाखान्याच्या दारात सिस्टर आडव्या आल्या.

“एका वेळी दोघेच.”

“आम्ही दोघेच आहोत,” अक्का म्हणाली. “हा नातेवाईक आहे. त्याला मोजत नाहीत.”

पद्धतीत तसेच होते. सिस्टर बाजूला झाल्या.

अक्का सहा नंबरच्या खाटेशी स्टुलावर बसली. तिने पांघरूण जरा खाली केले, बाटलीच्या काचेला हात लावून पाहिला. “कढत आहे गं अजून,” ती म्हणाली. “काय खातो का काही?”

“नुसतं गरम पाणी घेतोय,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा हलला. नर्स हाडाची असली की असे होते.

गाळण्याने झाकण उघडून दोन चमचे मध वाटीत घेतला.

“हे काय?”

“तपासणीला नमुना,” गाळण्या म्हणाला.

नमुना घेता येतो. नमुना घ्यायला डॉक्टर लागत नाहीत. गाळण्याने पेशंटच्या उशाशी ठेवलेल्या भांड्यातले कढत पाणी नमुन्यात घातले आणि ढवळले. तीन वेळा. तेहेतीस नव्हे, चाळीस नव्हे. मग जिन, मग लिंबू, मग बर्फ, मग झाकण. त्याने डबा वर उचलला आणि माझ्याकडे पाहिले. समितीचा सदस्य म्हणून मी तोंड खिडकीकडे वळवले.

कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याने डबा हलवला. मुकादम उठून बसला. डब्याच्या आवाजाने खिडकीची तावदाने वाजली. पत्त्यांच्या खोलीतून कोणी तरी डोकावले आणि ते डोके आत गेले नाही.

सहा वाजून चार मिनिटांनी अक्काच्या हातात पेला आला. तिने घोट घेतला. पेला उजेडात धरून तळ पाहिला. तळ स्वच्छ होता. मग तिने दुसरा घोट घेतला आणि काही बोलली नाही. बोलण्यासारखे असते तेव्हा ती बोलतेच.

“कसा आहे?” गाळण्याने शेवटी विचारले.

“पेशंट? उत्तम आहे. त्याला इथेच राहू दे.”

तोवर दारात गर्दी झाली होती. खाट सहावरचा रुग्ण अस्वस्थ आहे, ही बातमी पत्त्यांच्या खोलीतून चहाच्या खोलीत, तिथून बागेत गेली. एकेक जण केस विंचरून भेटायला येऊ लागला. आल्यावर बाटलीकडे पाहून ‘काळजी घ्या’ म्हणायचे, पेला घ्यायचा, संपवून पुढच्याला जागा द्यायची. अशा आपुलकीने या निवासात आजवर कोणाचीही विचारपूस झालेली नाही. (माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा दोघे आले होते, त्यातला एक चुकून.) मुकादमाला नियमाप्रमाणे पेला देता येत नव्हता, म्हणून सिस्टरांनी त्याचे ओठ कापसाने ओले केले. सहा वेळा.

सहा पस्तीसला साहेब वही घेऊन आले. साहेबांनी सत्तेचाळीस पायऱ्या एकेक करून पडताळल्या. शनिवार आहे. वेळ सहा ते सातमधली आहे. जिन सहीनिशी आली. लिंबे कड्यातून गेलेली. बर्फ यंत्रातला. मध दवाखान्याच्या ताब्यातून क्षणभरही बाहेर गेलेला नाही. गरम पाणी अपवादाने आले. पेला बारमध्येच द्यावा, असे कुठेही लिहिलेले नव्हते, कारण तसे कोणी दुसरीकडे देईल ही शंकाच आम्हाला आली नव्हती. राहता राहिला डबा हलवण्याचा प्रश्न.

“डबा हलवला का?” साहेबांनी मला विचारले.

“मी खिडकीबाहेर पाहत होतो,” मी म्हणालो. हे खरे होते.

साहेबांनी ‘सेवा पद्धतीप्रमाणे दिली’ असे लिहून सही केली. मग वही बंद करून स्टुलावर बसले. “पेशंटची विचारपूस मीही केली पाहिजे,” ते म्हणाले. तो अकरावा पेला. त्यात बाटलीतला शेवटचा चमचा गेला. तेव्हा सहा वाजून एकावन्न मिनिटे झाली होती.

सोमवारी डॉक्टर आले. खाट सहा रिकामी. नोंदवहीत रकाने तीनच : उपचार चालू, घरी सोडले, मृत्यू. उपचार चालू म्हणावे तर पेशंट नव्हता. घरी सोडले म्हणावे तर घर नव्हते. डॉक्टर सरळ माणूस. त्यांनी नातेवाइकाला, म्हणजे मला, बोलावून विचारले, शेवटच्या क्षणी जवळ कोणी होते का? मी म्हणालो, अकरा जण होते. डॉक्टर म्हणाले, भाग्यवान. कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘नैसर्गिक’ लिहिले.

निवासातल्या मृत्यूची पद्धत क्रमांक पंचावन्न. तिच्याप्रमाणे फलकावर काळ्या चौकटीत नाव लागले, आणि संध्याकाळी सगळे दोन मिनिटे उभे राहिले. साहेबांनी दिवंगताच्या गोड स्वभावाचा उल्लेख केला. तेव्हापासून दर शुक्रवारी नवा मध दाखल होतो. पहिल्या वर्षी दवाखान्यात एकोणपन्नास मृत्यू झाले, सगळे शनिवारी, सगळे सहा ते सातच्या दरम्यान, सगळे एकाच नावाचे. मुख्य कचेरीकडून पत्र आले की आकडा जरा जास्त वाटतो, पण एकाही नातेवाइकाची तक्रार नाही, ही समाधानाची बाब आहे.

आता वाचकांबद्दल दोन शब्द. तुम्ही आमच्या पद्धतींना हसत इथवर आलात, हे मला माहीत आहे. पण एक पद्धत तुम्हीही बरोबर घेऊन आला होता. बाई म्हातारी. वय नव्वद. एकच इच्छा उरलेली. हे तीन रकाने भरलेले दिसताच चौथा तुम्ही मनातल्या मनात भरून टाकलात, आणि तिने पेला हातात घेतला तेव्हा तो खाली कधी पडतो याची वाट पाहिलीत. खरे की नाही? अक्का ब्याण्णव वर्षांची आहे, आताच येऊन माझा चष्मा मागून गेली, आणि तिची तब्येत तुमच्यापेक्षा चांगली आहे. तरीही कोणी वारल्याशिवाय गोष्ट संपली असे ज्यांना वाटत नाही, त्यांच्या सोयीसाठी दवाखान्याच्या नोंदवहीतली ओळ जशीच्या तशी उतरवून थांबतो.

मध, वय दोन वर्षे, खाट क्रमांक सहा, शनिवारी संध्याकाळी सहा वाजून एकावन्न मिनिटांनी वारला.